ताग, गेंगे आणि ग्रंथपाल बाई

जपानमध्ये टोकियो शहरात एका प्राथमिक शाळेला लागून एक समाजमंदिर आहे आणि त्या समाजमंदिरात एक लहानसं ग्रंथालय आहे. शहर खरं, समाजमंदिर मात्र कादंबरीतलं. ही कादंबरी मिचिको आओयामा नावाच्या बाईंनी लिहिली. २०२० साली ती जपानीत निघाली आणि २०२३ साली अ‍ॅलिसन वॉट्स यांनी केलेलं तिचं इंग्रजी भाषांतर आलं. नावाचा अर्थ मराठीत सांगायचा तर 'तुम्ही जे शोधताय ते ग्रंथालयात आहे' असा काहीसा होतो.

मी १९७७ साली दहावी झालो. इंग्रजी वाचतो ते खताच्या पोत्यावरचं आणि औषधाच्या बाटलीवरचं, तेही अक्षर लावून लावून. त्यामुळं ही कादंबरी मी वाचली असं म्हणता येणार नाही. मी ती ऐकली. आमच्या सूनबाईच्या पुण्यातल्या मैत्रिणीनं ती तिला पाठवली होती. सूनबाई इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. एक पान डोळ्यांनी वाचायची आणि मग मला आपल्या बोलीत सांगायची. रात्रीची जेवणं झाली की आम्ही सोप्यात बसायचो. आतून मालिकेचा आवाज यायचा. चार-पाच दिवसांनी तो आवाज बंद झाला आणि आमची मंडळीही गुडघे धरून आमच्यात येऊन बसली.

हे वाचन का सुरू झालं ते सांगायला पाहिजे. त्याच्या आदल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या छातीत कळ आली. दोन स्टेंट टाकल्या. घरी आल्यावर पोरानं सांगितलं, "आबा, आता रानात यायचं ते बांधावर उभं राहून बघायला. खोऱ्याला हात लावायचा नाही." तो बोलला ते मायेपोटी. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी पाजलं, त्याला नुसतं बघायला सांगणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. मी सोप्यात बसायला लागलो. येणारा-जाणारा विचारायचा, "काय आबा, निवांत?" दिवसातून दहादा हा शब्द ऐकला की तो अंगाला कुसळासारखा टोचायला लागतो.

कादंबरीतली ग्रंथपाल बाई वेगळंच विचारते. तिचं नाव सायुरी कोमाची. अंगानं ही मोठी, गोरीपान, डोक्यावर अंबाडा. कोपऱ्यातल्या टेबलामागं बसून ती हातात लोकरीचा गोळा धरते आणि सुई टोचत राहते. टोचून टोचून लोकर घट्ट होते आणि तिची मांजरं, खेकडे, विमानं तयार होतात. आमची मंडळी म्हणाली, "म्हंजी घोंगडीवाल्या धनगराच्यातली दिसतीया." सूनबाई हसली. म्हणाली, "आत्या, ही विणत नाही, नुसती टोचते."

कुणी समोर आलं की बाई मान वर करते आणि विचारते, काय शोधताय? एवढंच. माणूस म्हणतो, संगणकाचं पुस्तक पाहिजे. बाई भराभरा यंत्रावर बोटं चालवते आणि पुस्तकांची यादी छापून हातात देते. यादीत संगणकाची पुस्तकं असतातच, पण शेवटी एक भलतंच पुस्तक असतं, ज्याचा मागितलेल्या गोष्टीशी काही संबंध दिसत नाही. वर खणातून लोकरीची एक वस्तूही काढून देते. ही म्हणे पुस्तकासोबतची भेट.

कादंबरीत पाच माणसं आहेत आणि पाच प्रकरणं. एका प्रकरणातला माणूस दुसऱ्यात ओझरता दिसून जातो, गावात दिसावा तसा. पहिली तोमोका, वय २१. गावाकडून टोकियोला आलेली, मोठ्या दुकानात बायकांचे कपडे विकते आणि आपलं काम हलकं आहे असं मनात धरून बसते. तिला यादीत मिळतं लहान मुलांचं पुस्तक. 'गुरी आणि गुरा' नावाचं हे पुस्तक जपानात घरोघरी माहीत आहे. दोन रानउंदरांना भलं मोठं अंडं सापडतं आणि ते त्याचा केक करतात. सोबत लोकरीचा तवा. पोरगी घरी जाऊन तसा केक करायला बघते. पहिल्यांदा बिघडतो, पुन्हा करते. विकतचं खाऊन दिवस काढणारी मुलगी स्वतःसाठी चूल पेटवायला लागते. एवढीच गोष्ट. आमची मंडळी म्हणाली, "ह्यात काय मोठं? आमी रोज करतोय." मग जरा वेळानं म्हणाली, "पर एकटीसाठी कधी केलं न्हाई."

दुसरा रियो, पस्तिशीचा. एका फर्निचरच्या कंपनीत हिशोब लिहितो. जुन्या वस्तूंचं दुकान काढायचं स्वप्न आहे, पण नोकरी सोडायचं धाडस नाही. बाई त्याला धंद्याच्या पुस्तकांबरोबर झाडांचं आणि गांडुळांचं पुस्तक देते. इथं मी सरसावून बसलो. जपानच्या कादंबरीत गांडूळ येईल असं वाटलं नव्हतं. त्या पुस्तकातून रियोला असं सुचतं, की झाड जमिनीच्या वर वाढतं आणि त्याच वेळी जमिनीच्या खालीही वाढतं. फूल बघणाऱ्याला वरचं झाड खरं वाटतं, गाजर खाणाऱ्याला खालचं. मग माणसानंही नोकरी आणि दुकान दोन्ही एका वेळी का करू नये? सूनबाईनं विचारलं, "मामा, पटतंय का?" मी म्हणालो, पटायचं काय त्यात, आपल्याकडं म्हैस आणि ऊस एका वेळीच चालतात. उसाचा पैसा वर्षानं येतो, दुधाचा दहा दिवसांनी. एकावर भागत नाही म्हणून तर दुसरं. फक्त आपण त्याला स्वप्न म्हणत नाही.

तिसऱ्या प्रकरणाला जरा थांबावं लागलं. नात्सुमी, वय ४०. मासिकाच्या संपादनात नाव काढलेली बाई. बाळंतपणानंतर कामावर परत गेली तर तिची जागा गेलेली, तिला दुसऱ्याच विभागात टाकलेलं. घरी लहान मुलगी, नवऱ्याचं काम संपत नाही. सूनबाई सांगता सांगता गप्प झाली. पान उलटलं, परत मागं आली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "मामा, पुढचं उद्या सांगते."

आमची सून लग्नाआधी कोल्हापुरात एका छापखान्यात प्रुफं तपासायची. पोटात नातू असताना तिनं ते काम सोडलं. कुणी सोड म्हणालं नाही, कुणी धर म्हणालं नाही. मोटारसायकलवरून रोज तासभर जायचं आणि तासभर यायचं, त्यामुळं ते आपोआपच सुटलं. नातू आता तिसरीत आहे. एवढ्या वर्षांत ह्या घरात त्यावर एकदाही बोलणं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुढचं सांगितलं. त्यात एक म्हातारी लेखिका आहे. ती नात्सुमीला जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांचा दाखला देते. बिनलग्नाची बाई लग्न झालेलीकडं बघते, लग्न झालेली पोरंबाळं असलेलीकडं बघते आणि पोरंबाळं असलेली मोकळ्या बाईकडं बघते. सगळ्या एकाच पाळण्यात बसून पुढच्या घोड्याचा हेवा करतात. ग्रंथपाल बाईनं नात्सुमीला चंद्रावरचं पुस्तक आणि लोकरीचा पृथ्वीचा गोळा दिलेला असतो. सगळं आपल्याभोवती फिरावं असं वाटतं, पण आपणही कुणाभोवती तरी फिरतोच, असं काहीतरी तिला त्यातून उमगतं. शेवटी ती दुसऱ्या प्रकाशनात कादंबऱ्यांच्या कामाला जाते.

आमच्या मंडळींनी मधेच विचारलं, "म्हंजी तिला परत जायाचंच हुतं की." सूनबाई म्हणाली, "जायचं होतं का नव्हतं, ते तिलाच माहीत नव्हतं आत्या. कुणीतरी विचारायला पाहिजे होतं." ह्यावर सोप्यात कुणी बोललं नाही. गोठ्यात म्हैस तेवढी साखळी ओढत होती.

चौथा हिरोया, वय ३०. चित्रं काढायची आवड, पण नोकरी नाही, घरीच बसून असतो. असे पोरगे आपल्या प्रत्येक गावात पारावर दिसतात, त्यामुळं त्याची ओळख लगेच पटली. त्याला उत्क्रांतीचं जाड चित्रमय पुस्तक मिळतं. त्यात डार्विन आहे आणि वॉलेसही आहे. वॉलेसनं १८५८ साली दूरच्या बेटांवरून डार्विनला आपला निबंध पाठवला. दोघांना एकच गोष्ट सुचली होती, पण जगानं नाव डार्विनचं लक्षात ठेवलं. हिरोयाला त्या मागं पडलेल्या माणसाचं वाईट वाटतं आणि तिथंच त्याचं मन जागं होतं. पुढं त्याला त्या समाजमंदिरातच थोडं काम मिळतं. फार मोठं काही होत नाही. सकाळी उठून कुठंतरी जायचं असतं, एवढंच होतं.

पाचवा मासाओ. सूनबाईनं वय सांगितलं, ६५, आणि माझ्याकडं बघितलं नाही. बिस्किटं करणाऱ्या कंपनीत ४२ वर्षं काम करून तो नुकताच निवृत्त झालाय. बायको योरिको संगणक शिकवायला जाते, तिचे दिवस भरलेले. ह्याचे रिकामे. छंद नाही, मित्र नाही. बायकोच्या सांगण्यावरून सोंगट्यांचा खेळ शिकायला समाजमंदिरात जातो आणि तिथून ग्रंथालयात. गंमत अशी की कोमाची बाईच्या टेबलावर सुया-लोकरीचा जो डबा असतो, तो मासाओच्याच कंपनीच्या बिस्किटांचा. त्याला वाटत असतं आपण कामातून गेलो म्हणजे जगातून गेलो, आणि त्याच्या हातून गेलेला डबा इथं रोज उघडतोय, मिटतोय. त्याची मुलगी पुस्तकाच्या दुकानात कामाला आहे. एक दिवस तो तिला तिथं काम करताना बघतो आणि त्याला कळतं, की पुस्तक लिहिणारा, छापणारा, विकणारा आणि वाचणारा अशी सगळी माणसं एका साखळीत आहेत. नोकरी सुटली म्हणून माणूस त्या साखळीतून सुटत नाही.

हे ऐकताना मला एक गोष्ट मात्र खुपली. मासाओला निवृत्त तरी होता आलं. आमच्याकडं शेतकऱ्याला साठाव्या वर्षी हार घालून, नारळ देऊन कुणी घरी सोडत नाही. तो एकतर रानात असतो किंवा अंथरुणाला. मधली जागाच नाही. त्या कादंबरीत सगळ्यांच्या गाठी हळूहळू सुटतात, कर्जाचा हप्ता कुणाच्या दारात येत नाही. हे मी सूनबाईला बोललो. ती म्हणाली, "मामा, गाठ सुटली असं कुठं लिहिलंय? गाठ कुठं आहे तेवढं प्रत्येकाला सापडलं." मी त्यावर दोन दिवस विचार केला. ती बरोबर होती.

आता गेंगेचं सांगतो. मासाओला यादीत जे भलतं पुस्तक मिळतं, ते कवितांचं आहे, 'गेंगे आणि बेडूक'. कवी शिम्पेई कुसानो, १९०३ ते १९८८. जपानात त्यांना बेडकांचा कवी म्हणूनच ओळखतात, इतक्या बेडकांच्या कविता त्यांनी लिहिल्या. बेडूक मला कळला. गेंगे म्हणजे काय ते सूनबाईलाही माहीत नव्हतं. तिनं मोबाईलवर शोधून फोटो दाखवला. भातखाचरांत गुडघ्याखाली वाढलेलं हिरवं झाड आणि वर गुलाबी-जांभळी फुलं, नजर पोचेल तिथवर.

मी फोटो मोठा करून पानं बघितली. शेंगवर्गातलं पीक, हरभऱ्याच्या चुलतभावासारखं. सूनबाईनं खालचं वाचून सांगितलं. जपानचे शेतकरी पूर्वी भाताच्या खाचरात शरद ऋतूत गेंगेचं बी टाकायचे. वसंतात फुलं आली की मधमाश्या मध घ्यायच्या, आणि लावणीच्या आधी सगळं पीक तिथंच नांगरून गाडायचे. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात आणि ते पुढच्या भाताला मिळतं. रासायनिक खतं आली आणि गेंगेची शेतं कमी झाली.

मी म्हणालो, "अगं, हा तर त्यांच्याकडचा ताग!"

आपल्याकडं ताग आणि धैंचा तेच काम करतात. ताग पेरायचा, ४५ ते ५० दिवसांत फुलोरा आला की उभ्या पिकात नांगर घालायचा. त्याचं धान्य घरी येत नाही, पेंडी बाजारात जात नाही. पेरणाऱ्याला त्या हंगामात एक रुपया मिळत नाही. जे मिळतं ते पुढच्या पिकाच्या अंगाला लागतं. माझे वडील दर तीन-चार वर्षांनी एका तुकड्यात ताग गाडायचे. पुढं पाणी आलं, ऊस आला, पोती आली, आणि आमच्या सगळ्या शिवारातूनच ताग हळूहळू दिसेनासा झाला.

मासाओला त्या कवितांतून काय मिळालं ते कादंबरीत आहे. मला मिळाला तो ताग. पुढं एका ठिकाणी कोमाची बाई सांगते की ती वस्तू देताना तिच्या मनात काही ठरलेलं नसतं. घेणारा माणूसच त्यातून आपला अर्थ काढतो आणि पुस्तकांचंही तसंच असतं. हे ऐकल्यावर मला त्या बाईबद्दल जास्तच आदर वाटला. देवऋष्यासारखं सगळं कळतं असा आव तिनं आणला नाही.

कादंबरी संपली त्या आठवड्यात मी गावच्या वाचनालयात गेलो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याच्या आधारानं गावोगाव अशी वाचनालयं उभी राहिली. आमचं 'ड' वर्गातलं. ग्रामपंचायतीच्या मागं एक खोली, चार कपाटं, दोन बाकडी. ग्रंथपालाला महिन्याकाठी मिळतं ते सांगण्याजोगं नाही, म्हणून तो सकाळी दूध संकलनावर माप धरतो आणि मग किल्ली घेऊन येतो. मला बघून म्हणाला, "आबा, आज हिकडं कुठं? निवांत?" मी म्हणालो, निवांत न्हाई, शोधायला आलोय.

तेव्हापासून मी सकाळी दोन तास तिथं बसतो. पोरं येतात, बहुतेक पोलीस भरतीचं पुस्तक मागायला. ग्रंथपाल कपाट उघडतो तोवर मी विचारतो, "काय शोधतोस रे?" पोरगं म्हणतं, "भरतीचं पुस्तक, आबा." मी त्या पुस्तकावर आणखी एक ठेवतो, कधी प्रवासाचं, कधी कुणाचं आत्मचरित्र, आणि वर आमच्या झाडाचा एक पेरू. पेरू सगळे खातात. वरचं पुस्तक बरेच जण तसंच परत आणतात. एक पोरगा मात्र आठ दिवसांनी येऊन म्हणाला, "आबा, तसलं आणि हाय का?" तो भरतीत निवडला गेला नाही. अजून पळायला जातो आणि अजून पुस्तकं नेतो.

सूनबाईनं काय शोधलं ते मी विचारायचं ठरवलं होतं, पण सासऱ्यानं असं विचारलं की सुनेला उत्तर द्यावंच लागतं. म्हणून मी पोराला सांगितलं, तू विचार. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण श्रावणात तिच्या जुन्या छापखान्यातून प्रुफांचं पहिलं पाकीट एस.टी.नं आलं. आता दुपारी सोप्यात ती लाल पेन घेऊन बसते. जोडाक्षर अडलं की मला विचारते. दहावीच्या माणसाला कुणी शुद्धलेखन विचारावं, ह्याचं मला हसू येतं आणि बरंही वाटतं.

तागाचं मी पोराशी मृगाच्या आधीच बोललो होतो. ओढ्याकडंच्या वीस गुंठ्यांत ऊस बसंना झाला होता. तिथं पावसाळ्यात सोयाबीन आणि मग पूर्वहंगामी ऊस असा त्याचा बेत. मी म्हणालो, सोयाबीनच्या जागी ताग टाकू. तो म्हणाला, "आबा, सोयाबीनचं पैसं हप्त्याला धरल्यात. तागाचं काय येणार?" त्याचं खरं होतं. हप्ता त्याला भरायचा होता, मला नाही. मी गप्प बसलो. दोन दिवसांनी त्यानं आपणहून सहा किलो बी आणलं. म्हणाला, "दहा गुंठं तुमचं, दहा गुंठं माझं. पण टोकायचं न्हाई, वाकायचं न्हाई."

ताग टोकावा लागत नाही, फोकून पेरतात. ओटीत बी घ्यायचं आणि सरळ चालत मुठीनं उधळायचं. छातीत स्टेंट असलेला माणूसही ते करू शकतो. मी एका सकाळी, सावकाश, मधे दोनदा बसून, दहा गुंठे पेरले.

जुलैच्या शेवटी ताग छातीला लागला आणि पिवळाधमक फुलला. येणारे-जाणारे थांबून बघायचे. फुललेलं पीक गाडायचं म्हटलं की कुणब्याचा जीव हळहळतो, कितीही माहीत असलं तरी. पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. रोटर लावण्याआधी त्यानं इंजिन बंद केलं आणि बांधावर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "चार दिवस ठेवू का अजून? माश्या बसत्यात."

मी म्हणालो, ठेव.

चार दिवसांनी त्यानं गाडला. उरलेल्या दहा गुंठ्यांतलं सोयाबीन त्या वर्षी बरं आलं, हप्ता भागला. ऊस आता दोन्ही तुकड्यांत उभा आहे. फरक किती पडला ते तोडणीला कळेल. पोरगा मात्र परवा तागाच्या बियाचा भाव विचारून आला, वीस गुंठ्यांचा.